शिवेवरची गोण

अकोला,
२० जानेवारी १९५८

ती. सौ. जमुनाताईस, सूर्यभानचा घाईघाईतला नमस्कार.

पार्सलात जे आहे ते तुझं नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बारदान उसवल्याबरोबर म्हणशील, "बाप्पा, माह्या भावाले बहिणीची सय आली!" ते तुझ्या भिंतीपलीकडचं आहे. शकुनचं. तिचे बाबा, उत्तमराव, घरी नसतील अशी वेळ बघून तिच्या हातात दे. तिच्याच हातात, दुसऱ्या कोणाच्या नाही.

कॉलेज सोडून सूर्यभान काय दिवे लावतो, असं भाऊजी विचारत असतील. सांग त्यांना, तांडे हिंडतो. इथं कापूस बाजारामागे एक शेठ आहे, तो जुन्या गोणी आणि खुर्ज्या जमवतो. खुर्जी घोड्याची, गोण बैलाची. पाठीवर टाकली की दोन्हीकडं दोन पोटं लोंबतात. बंजाऱ्यांच्या बाया त्या विणत, कवड्या लावत, आणि त्यांत धान्य-मीठ लादून तांडे मुलूखभर फिरत. आता माल आगगाडीनं जातो, गोणी कोपऱ्यात पडून आहेत. शेठ त्या मुंबईला धाडतो. तिथं मडमा भिंतीला टांगतात म्हणे. मी सायकलवर फिरतो, ओळखी काढतो, चहा पितो, गोणी बघतो. नाद लागला आहे मला, ताई. हात फिरवून सांगतो कोणती सासूनं विणली अन् कोणती सुनेनं.

ही मात्र मी शेठला दाखवलीच नाही. मध्ये काळ्या लोकरीचा पट्टा, दोन्ही पोटांवर लाल-पिवळ्या चौकटी, आणि कवड्या अशा घट्ट की नखानं हलत नाहीत. कुठं मिळाली ते ऐक. बार्शीटाकळीच्या पुढं एक तांडा आहे. तांड्याच्या अलीकडं, शिवेवर, पळसाला ती टांगलेली होती. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी थांबलो, हाका मारल्या. मग म्हटलं, टाकून दिलेली दिसते. उतरवली, कॅरिअरला बांधली आणि निघालो, तर तांड्याकडून एक बाई धावत आली. केस सुटलेले, दोन्ही हात वर. त्यांच्या बोलीत ओरडत होती, मला एक शब्द कळला नाही. मी अशी सायकल हाणली की मागं पाहिलं नाही. नाला ओलांडला तरी तिचा आवाज येत होता. अजून येतो. काल बाजारात एक लमाणीण मागून नुसतं "भाऊ" म्हणाली, तर माझ्या हातातली कपबशी खाली.

पण तो धाक मी सोशीन. शकुनला आलेल्या अकोटच्या स्थळाचा धाक सोसवत नाही. ते लोक पुन्हा येऊन गेले असं तू लिहिलंस, तेव्हापासून जेवण जात नाही. उत्तमरावांना माझं देवीच्या वणांनी भरलेलं थोबाड आवडत नाही, हे मला कळतं. मी कॉलेजात कोणाचं नाक फोडलं तेही त्यांना माहीत आहे. काहून फोडलं ते त्यांनी विचारलं नाही. शकुनला विचार. आणि तिनं ही गोण परत केली, तर मी अमरावतीला येईन, त्यांच्या दारात उभा राहीन, आणि मग काय होईल त्याला मी जबाबदार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला माझीच भीती वाटते म्हणून लिहितो.

मैनाला पापा. भाऊजींना नमस्कार, ते घेतील तर.

तुझा
सूर्यभान

*

राजापेठ, अमरावती,
२८ जानेवारी १९५८

चि. सूर्यभानास, जमुनाचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

चोरी केली ती केली, वर मलेच वाटेकरी केलं! झाडाले टांगली म्हणजे काय तुझ्यासाठी टांगली होती? उद्या कोणाच्या अंगणातलं लुगडं वाळत दिसलं तर तेही बांधशील सायकलले. ती बाई बिचारी ओरडून ओरडून घरी गेली असंल. जमलं तर जाऊन माफी माग. तू जाणार नाहीस, मले ठाऊक आहे.

तुझी गोण पोचवली. शकुनले आवडली. झालं समाधान? आता दारात येऊन उभा राहू नको अन् कोणाचं नाक फोडू नको. ती काय म्हणाली, कशी हसली, कोणतं लुगडं नेसली होती, असं लिहून विचारशील तर उत्तर देणार नाही. मले दुसरे धंदे आहेत.

मैना आता पालथी पडून सरकते. फरशी गार लागते म्हणून खाली जाड काही टाकावं लागते. जे हाती लागंल ते तोंडात घालते. तुझे भाऊजी म्हणतात, ही मामावर गेली, हिले कशाचाच धीर नाही. कचेरीतून आले की तिच्यापुढं बसून हेही रांगतात. पाहून मले हसू येते.

जेवत जा. अकोटच्या लोकांचं मी पाहून घेईन.

जमुना

*

(हे पत्र लिहिलं आणि धाडलं नाही.)

अकोला,
७ फेब्रुवारी १९५८

ताई,

मी त्या तांड्यावर जाऊन आलो. माफी मागायला नाही. शेठला तशाच गोणी हव्यात म्हणून. वाट बंद होती. बोरीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या, वर कडुलिंबाचे डहाळे. मी काट्या बाजूला करू लागलो तर लांबून तांड्याचा नाईक ओरडला, "तिथंच थांब!" म्हातारा माणूस. तो पुढं आला नाही, मलाही येऊ दिलं नाही. तिथून ओरडून विचारलं, "शिवेवरची गोण तूच नेली का?"

मी म्हणालो, हो. मला वाटलं आता काठी घेऊन येतील. तो डोकं धरून खाली बसला.

त्या तांड्यात देवी आल्या आहेत. त्यांची रीत अशी, की घरातलं कोणी देवीत गेलं की देवीला निरोप द्यायचा. ती पाहुणी, तिला पुढं जायचं असतं, म्हणून तिचं सामान गोणीत भरून शिवेवरच्या झाडाला टांगायचं. गेलेल्याचं अंथरूण त्या गोणीत. मग त्या झाडाखालून कोणी जात नाही. ती गोण तिथंच उन्हापावसात गळून पडते. ओरडत आली ती त्या पोराची माय. ती म्हणत होती, नेऊ नको, त्यात माझं पोर होतं, तू मरशील.

मी मरणार नाही, ताई. मला लहानपणी येऊन गेल्या, मला पुन्हा येत नाहीत. हे नाईकाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं नाही रे विचारत. ती गोण आता कोणाकडं आहे?"

मी सायकल वळवली.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. गोणीच्या तोंडाशी कडुलिंबाची डहाळी खोचलेली होती, वाळलेली. आत एक गोधडीचा तुकडा आणि टोपरं होतं. मी ते तिथंच झाडाखाली टाकलं. मला वाटलं, कोणीतरी विसरलं.

हे तुला कसं लिहू? तू शकुनला सांगशील. ती म्हणेल, या माणसानं मला मेलेल्या पोराचं अंथरूण भेट धाडलं. उत्तमराव गल्लीत बोंबलतील. आणि कदाचित काहीच झालं नसेल. आता किती दिवस झाले? काही व्हायचं असतं तर तू लिहिलं असतंस. गोण परत आली आणि मी गुपचूप जाळली, तर कोणाला कळायची गरजच नाही.

*

अकोला,
७ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. जमुनाताईस नमस्कार.

शकुनकडून ती गोण ताबडतोब परत घे. शेठला कळलं आहे, तो पोलिसात जाईन म्हणतो. पत्र मिळाल्या दिवशीच घे. तिच्या घरात ठेवू नको, तुझ्याही घरात ठेवू नको. बाहेर उन्हात, उंच टांग, मी येऊन नेतो किंवा सांगशील तसं करतो. परत घेताना फडक्यानं धर, तिच्या कवड्या निघतात.

शकुनची तब्येत कशी आहे? खरं लिही. थंडीताप, अंगदुखी, काही? तिला लहानपणी देवी टोचल्या आहेत ना? सहज विचारतो.

उलट टपाली उत्तर दे. नुसतं कार्ड टाकलंस तरी चालेल.

सूर्यभान

*

राजापेठ, अमरावती,
११ फेब्रुवारी १९५८

सूर्यभान,

तुले लाज कशी नाही वाटत रे? वीस दिवसांमागं जीव देत होता, अन् आता म्हणतो परत घे. दिलेली वस्तू परत मागणारा माणूस मी आपल्या घराण्यात तर पाहिला नाही. वर बहाणा शेठचा अन् पोलिसाचा! शेठला तू दाखवलीच नव्हती ना? पहिलं पत्र अजून माझ्याजवळ आहे, बाप्पा. खोटं बोलायचं तर आधी काय लिहिलं ते ध्यानात ठेवावं माणसानं.

मी ओळखलं. अकोटवाल्यांचं तुह्या कानावर गेलं, अन् तुले राग आला. हो, जमलं त्यांचं. चैत्रात लग्न आहे. शकुनची तब्येत ठणठणीत आहे. टोचलं का अन् अंगदुखी का, हे कसले नखरे? सरळ विचार ना, ती रडते का म्हणून. नाही रडत. माणसानं हरावं तर नीट हरावं.

गोण मी कोणाकडून आणणार नाही अन् उन्हात टांगणारही नाही. विषय संपला.

मैनाले तीन दिवस झाले, अंग तापलेलं आहे. दात येत असतील. दूध घेत नाही, नुसती कण्हते, उचललं की जास्तच. तुझे भाऊजी वैद्याकडून पुड्या घेऊन आले. त्यामुळं जास्ती लिहीत नाही. माह्याच जिवाले घोर लागला आहे, त्यात तुझं हे.

जमुना

*

तार
अकोला, १३ फेब्रुवारी

गोण जाळा. कोणी हात लावू नका. तांड्यात देवी होत्या. खरं सांगत आहे. मैनाला डॉक्टर दाखवा. सूर्यभान

*

राजापेठ, अमरावती,
१४ फेब्रुवारी १९५८

सूर्यभान,

अक्षर तुझ्या भाऊजींचं आहे. मी खिडकीच्या आतून सांगते, ते बाहेर ओट्यावर बसून लिहितात. घरातला कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही असं नगरपालिकेचा डॉक्टर सांगून गेला. दाराले लिंब बांधला आहे. यांना आत येऊ देत नाहीत. मी अन् मैना आत.

तुझी तार आली तेव्हा गोण मैनाच्या अंगाखाली होती.

शकुननं ती घेतलीच नाही. मी नेली त्या दिवशी तिनं मांडीवर घेतली, हात फिरवला, अन् म्हणाली, "जमुनाताई, हे ठेवलं तर त्यांना वाटंल मी हो म्हटलं." अन् परत माझ्या हातात दिली. मी घरी आणली. तुले खरं लिहिलं असतं तर तू येऊन राडा केला असता. तूच तसं लिहिलं होतं. म्हणून लिहिलं, आवडली. मग विचार केला, एवढी जाड, उबदार वस्तू, पोरीले सरकायले बरी. तिच्या कवड्या ती चोखत होती रे. मी समोर बसून तांदूळ निवडत होते अन् हसत होते.

जानेवारीत टोचणारा आला होता. तिले सर्दी होती म्हणून मी म्हटलं, पुढच्या खेपेले.

परवा संध्याकाळी कपाळावर दाणे दिसले. आज तोंडभर आहेत. तोंडाच्या आतही. रडली की आवाज निघत नाही, नुसतं तोंड उघडते. डोळे सुजून मिटले. माशी बसू नये म्हणून मी हात हलवत बसते, अन् हात थांबला की दचकून जागी होते. मले झोप लागली तर काय होईल, याचं भ्या वाटते. दिवसाचंही.

सातव्या तारखेले तुले ठाऊक होतं. शेठचं अन् पोलिसाचं लिहायले तुझ्याजवळ शाई होती.

मी तुले शिव्या देत नाही. द्यायले वेळ नाही. इकडं येऊ नको.

जमुना

(सूर्यभान, ती म्हणाली ते सगळं मी लिहिलेलं नाही. गोण मी परसात जाळली. लोकर जळताना फार वेळ धुमसली. मला आत जाऊ देत नाहीत. ती दोन दिवस झोपली नाही. तुला देवी येऊन गेल्या आहेत, हे डॉक्टरला मी सांगितलं. तो म्हणाला, असा माणूस आत बसू शकतो. ती येऊ नको म्हणते. मी ये म्हणतो. किसनराव)

*

अकोला,
१५ फेब्रुवारी १९५८

श्री. उत्तमराव यांस, सूर्यभानचा नमस्कार.

मी आजवर तुमच्याशी नीट बोललो नाही, आणि जे बोललो ते तुम्ही विसरला नसाल. आजचं पत्र वाचल्यावर तुम्ही माझं नाव तोंडातून काढणार नाही. तरी वाचा.

तुमच्या शेजारी जमुनाताईंच्या मुलीला देवी आल्या आहेत, ते कळलंच असेल. त्या मी आणल्या. तांड्याबाहेर टांगलेली, देवीत गेलेल्या पोराच्या अंथरुणाची गोण मी काढून आणली. ती तिथं का टांगली होती, ते मला माहीत नव्हतं. पण विचारलंही नाही. ती मी शकुनसाठी धाडली होती. तिच्या मांडीवर ती काही वेळ होती. मग तिनं परत केली. यात तिचा काही दोष नाही. तिनं मला कधी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

माझ्यावर फिर्याद करायची तर नंतर करा. आज एवढंच करा. शकुनला, घरातल्या सगळ्यांना, पुन्हा टोचून घ्या. लहानपणी टोचलं होतं, यावर राहू नका. गल्लीतल्या प्रत्येक घराला हे पत्र वाचून दाखवा. कोणी म्हणालं की देवीचा कोप आहे, टोचलं तर देवी रागावेल, तर माझं नाव सांगा. म्हणा, देवी नाही आली. सूर्यभान घेऊन आला. लोक देवीला घाबरतील, पण माझ्यावर चिडतील, आणि चिडलेला माणूस लवकर हलतो. हे मला स्वतःवरून ठाऊक आहे.

मी आजच्याच गाडीनं बडनेऱ्याला उतरतो. तुमच्या दारावरून जाईन, पण थांबणार नाही.

सूर्यभान

*

राजापेठ, अमरावती,
२४ फेब्रुवारी १९५८

श्री. सूर्यभान यांस,

ही चिठ्ठी किसनराव खिडकीतून वाचून दाखवतील. तुमच्याकडून काही बाहेर येऊ नये, म्हणून कागद आत द्यायचाच नाही, असं ते म्हणाले.

तुमचं पत्र बाबांनी चौकात वाचलं. पहिल्यांदा तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या की मी कान झाकले. मग टोचणाऱ्याला घेऊन घरोघर तेच गेले. गोदाबाई दार उघडीनात, तर बाबा उंबऱ्यावरच बसले, "टोचून घेईपर्यंत उठणार नाही" म्हणाले. माझा दंड सुजला आहे. बाकी मी बरी आहे. गल्लीत दुसऱ्या कोणाला काही नाही, आजपर्यंत तरी.

गोण मी का परत केली, ते जमुनाताईंनी सांगितलं असेल. पूर्ण सांगितलं नसेल. बाबांना मी घाबरत नाही. मी तुम्हाला घाबरत होते. ज्याचं नाक तुम्ही फोडलं, तो मला फक्त वही मागत होता.

हे आज लिहायला नको होतं. लिहायचं होतं ते वेगळंच. आमची चूल त्या भिंतीला लागून आहे. तुम्ही आत आल्यापासून सगळं ऐकू येतं. तुम्ही काहीबाही गाता, ताई रागावतात, मैना कण्हते. काल दुपारपासून ती कण्हताना ऐकू येत नाही. तुमचं गाणंही बंद झालं. आई म्हणते, विचारू नये. किसनरावांना विचारलं तर ते ओट्यावर तोंड फिरवून बसले.

मी भिंतीला टेकून बसले आहे. ती असेल तर भिंतीवर एकदा ठोका. नुसतं एकदा. मी दुसरं काही विचारणार नाही.

शकुन

*

राजापेठ, अमरावती,
१६ मार्च १९५८

सौ. होणाऱ्या शकुनताईंस,

मैना माझ्या मांडीवर झोपली आहे, म्हणून सांगतो मी, लिहितात भाऊजी. आता ते खिडकीच्या आत बसून लिहितात. काल दाराचा लिंब काढला.

तुमची चिठ्ठी वाचून झाली आणि मी लगेच ठोका मारला. तो खोटा होता. मैना आहे की नाही, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ताई दोन दिवसांनी पहिल्यांदा बसल्या बसल्या डुलकी घेत होती, आणि पोर माझ्या मांडीवर इतकी निपचित पडली होती की तिच्या छातीवर कान ठेवायचं माझं धाडस होत नव्हतं. कान ठेवला असता तर कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही पलीकडं बसला होता, तुम्हाला काही तरी द्यायचं, म्हणून ठोकलं. त्या आवाजानं ताई दचकून जागी झाली आणि ओरडली, "काय झालं?" आणि मैनाची बोटं हलली. माझ्या सदऱ्याची गुंडी धरली तिनं. मग आम्ही दोघं बहीणभाऊ असे रडलो की भाऊजी बाहेरून दार बडवू लागले. त्यांना वाटलं, संपलं.

खपल्या पडल्या. तोंडावर वण राहतील, पुष्कळ. उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे, त्या बाजूनं दिसणार नाही असं डॉक्टर म्हणाला. डाव्यानं बघते. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. "पाणी आण", "तिकडं सरक." मी पाणी आणतो, सरकतो. शेठकडं परत जाणार नाही. तांड्यावर जायचं आहे. त्या बाईपुढं उभं राहायचं आहे, आणि काय बोलायचं ते अजून सापडलेलं नाही. तिच्याकडं जायची भीती पहिल्यापेक्षा मोठी आहे.

तुम्ही जे लिहिलं, वहीबद्दल, ते मी भाऊजींना पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. अकोटला सुखानं राहा. उत्तमरावांना सांगा, शिव्या पोचल्या.

आता भिंतीवर ठोके ऐकू आले तर घाबरू नका. परवापासून मैनाला बसता येतं, आणि हाती लाटणं सापडलं की ती दिवसभर भिंत बडवते.

सूर्यभान